एकोणतिशीतला अनुभवी

अठ्ठावीस जूनला काचेच्या दुकानाच्या खात्यात एक लाख चौसष्ट हजार तीनशे पन्नास जमा झाले. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी ही रक्कम आगाऊ पाठवली होती. त्यांच्या नव्या दवाखान्यात उपचाराची खोली आणि रुग्णांनी बसायची खोली यांच्यामध्ये जमिनीपासून छतापर्यंत काचेची भिंत उभी करायची होती. दात कोरायच्या यंत्राचा आवाज सुरू झाला की बाहेर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे दात आपोआप बरे होतात आणि ते घरी निघून जातात, असा बाईंचा जुन्या जागेतला अनुभव होता. तेव्हा उजेड यावा पण आवाज अडावा, आणि जुलैच्या शेवटच्या सोमवारी दवाखाना उघडता यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

रक्कम जमा झाल्याचे कळताच दुकानाच्या मालकाने, म्हणजे मामाने, भाच्याला गल्ल्याजवळ बोलावून घेतले. हे काम माप घेण्यापासून काच बसवण्यापर्यंत तू एकट्याने करायचेस, मागून सावरायला कुणी येणार नाही, असे बजावले. नीट पार पडले तर ऑगस्टपासून दुकानात पाव हिस्सा. मामाला मूलबाळ नव्हते, गुडघे गेले होते, आणि हा पाव हिस्सा तो गेली वीस वर्षे कुणाला ना कुणाला देणारच होता.

भाच्याचे वय एकोणतीस. दुकानात त्याला अनुभवी म्हणत. नाव ठेवणाऱ्यांनी टोमणा म्हणून ठेवले होते. त्याने ते पदवीसारखे लावून घेतले. त्याचे मत असे की, आयुष्याला माणसाला जे काही शिकवायचे असते ते अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत शिकवून होते. पुढे असते ती नुसती उजळणी. आपला अभ्यासक्रम वेळेत संपल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर कायम असे, आणि ज्यांचा राहून गेला आहे त्यांच्याबद्दल कणवही असे. ही कणव तो फुकट वाटत फिरे. न्हाव्याच्या खुर्चीत बसून, गळ्यापाशी वस्तरा असताना, तो न्हाव्याला बचतीचे महत्त्व समजावून सांगे. न्हावी त्याच्या दुप्पट कमवत होता.

धडे त्याच्याकडे पुष्कळ होते. पहिली नोकरी गेली त्यातून तो शिकला की प्रामाणिक माणसाला नोकरीत किंमत नसते. ती नोकरी औषधांच्या गोदामात होती आणि हा आठवड्यातले चार दिवस अकराच्या आत पोचत नसे. उशीर का झाला याचे कारण मात्र दर वेळी खरे सांगे, की झोप लागली होती. प्रामाणिकपणा तो एवढाच. दुसरी नोकरी त्याने आपणहून सोडली आणि धडा काढला, जिथे कदर नाही तिथे थांबू नये. कदर म्हणजे चौथ्या महिन्यात पगारवाढ. जिवलग मित्राशी फाटले तेव्हा व्यवहार आला की मैत्री टिकत नाही हे त्याला कळले. पैसे यानेच घेतले होते. मित्राने ते परत मागितले, आणि मैत्री टिकली नाही.

प्रेमाचाही एक धडा होता. जी सोडून जाते ती आपली कधी नव्हतीच, असे तो डोळे किंचित बारीक करून सांगे. ती मुलगी चांगली दोन वर्षे त्याची होती. त्या दोन वर्षांत तिने त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, पुढे काय करायचं ठरवलंयस. आणि हा दर वेळी तिला, घाई माणसाचा घात करते हे पटवत राहिला. शेवटी तिला पटले. तिने अजिबात घाई न करता, शांतपणे विचार करून, दुसऱ्याशी लग्न केले.

हे सगळे ऐकायला बरे वाटे, त्यातले काही खरेही असेल. गंमत एवढीच, की घटना याच्या आयुष्यातली, धडा याचा, आणि चूक हटकून दुसऱ्याची.

राहायला तो मोठ्या बहिणीकडे होता, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. पंधरा दिवसांसाठी म्हणून आला होता, त्याला दोन वर्षे उलटून गेली होती. त्याच्यासाठी ताईचे शिलाई मशीन त्या खोलीतून उचलून जिन्याखाली ठेवले गेले, आणि ती तिथे वाकून, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत, लोकांचे पडदे शिवत असे. भावजी सज्जन गृहस्थ होते. सज्जन म्हणजे काही बोलत नसत, आणि त्यांचे न बोलणे घरभर ऐकू येई.

पाव हिश्शाची बातमी त्याने जेवताना दिली. भावजींनी मान वर केली, ही मोठीच गोष्ट. ताईने विचारले, "मामा लेखी देणारेत का?"

"ताई, नात्यात लेखी मागायचं नसतं. हे मी शिकलोय."

"तू काही शिकलास म्हणालास ना, की माझ्या पोटात गोळा येतो," ताई म्हणाली.

तरी तिने हिशेब मांडलाच. हिस्सा मिळाला की ऑगस्टात स्वतःची खोली बघायची, असे तिने त्याच्याकडून कबूल करून घेतले. त्यानेही एका वयानंतर माणसाने स्वतःच्या पायावर उभे राहावे याबद्दल चार शब्द सांगितले आणि खरकटे ताट तिथेच ठेवून तो उठला. नाही म्हणायला शिकले पाहिजे, हा त्याचा सर्वांत आवडता धडा होता. बाहेर त्याचा सराव करायला धाडस लागते, म्हणून तो सराव ताईच्या मोरीपाशी करी.

आता दुकानाची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अडखळले. पुढच्या भागात आरसे मांडलेले आणि मागे लांबलचक शेड, त्यात जाड लोकरी कापड ताणून बसवलेले एक टेबल. या टेबलावर काच कापणारा कारागीर पन्नाशीचा होता आणि त्याला सगळे मौनी म्हणत. दिवसभरात त्याच्यापेक्षा त्याची काच कापायची हिरकणी जास्त बोले. माप घेणाऱ्याने भिंतीपासून भिंतीपर्यंत जेवढी मोकळी जागा असेल तेवढी, जशीच्या तशी, लिहून आणायची. काच त्या जागेत शिरायची तर तिच्याहून थोडी लहान हवी. तेव्हा रुंदीतून बारा आणि उंचीतून बारा मिलिमीटर मौनी स्वतः वजा करी आणि मग कापी. दुकान उघडल्यापासून असेच चालत आले होते. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती, तशी सांगायची गरजही कुणाला वाटत नसे. अनुभवीसुद्धा गेले वर्षभर मुकाट्याने तशीच मापे आणत होता.

मे महिन्यात एकदा मौनीने एका गिऱ्हाइकासमोर त्याला विचारले, की हा आकडा सहा आहे की शून्य. अनुभवीला तो अपमान वाटला. त्याने गिऱ्हाईक जाईपर्यंत दम धरला आणि मग शेडमध्ये जाऊन मौनीची शिकवणी घेतली.

"काका, माणसानं आपली हद्द आखून घ्यावी. मी लिहिलेलं तुम्ही कापायचं. मला विचारायचं नाही."

"बरं," मौनी म्हणाला.

मौनीचे 'बरं' ही चीज वेगळी होती. ती ऐकताना होकारासारखी वाटे, आणि वर्षानुवर्षे टिके.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात अनुभवी माप घ्यायला दवाखान्यात गेला. लाद्या बसल्या होत्या, भिंतींना रंग लागला होता, काचेसाठी सहा गाळे तयार होते. त्याने खाली, मध्ये आणि वर अशी तिन्ही ठिकाणी मापे घेतली. तेवढे काम त्याने खरोखर चांगले केले. बाई बाजूला उभ्या होत्या, तेव्हा त्यांनाही थोडे शहाणपण मिळाले. रुग्णांना फार वेळ देऊ नये, वेळ हीच खरी संपत्ती, असे त्याने त्यांना सांगितले. बाई म्हणाल्या की त्या तासावर पैसे घेतात, त्यांना हे माहीत आहे.

मापे घेऊन झाल्यावर तो पायरीवर बसला आणि त्याला मामाचे शब्द आठवले. मागून सावरायला कुणी येणार नाही. याचा त्याने जो अर्थ लावला तो त्याच्यासारख्याच माणसाला सुचू शकतो. त्याला वाटले, एकट्याने करायचे म्हणजे मौनीवरही विसंबायचे नाही. आपले काम दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नये हा धडा त्याला तिसऱ्या नोकरीत मिळाला होता. तिथे त्याचे काम दुसराच करत असे, आणि त्या दुसऱ्याला बढती मिळाली. तर त्याने प्रत्येक मापातून बारा मिलिमीटर स्वतः वजा केले, नवी मापे सुवाच्य अक्षरात लिहिली, जुनी खोडली. मौनीच्या टेबलावर कागद ठेवला तेव्हा यातले एक अक्षरही तो बोलला नाही. बारा आपण आधीच काढलेत एवढे चार शब्द सांगितले असते तर दुकानाचे कामकाज सुरळीत चालले असते. पण मग त्याची हद्द कुठे राहिली असती?

मौनीने कागद पाहिला. नव्या इमारतीतले सहाही गाळे उंचीला दोन हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी. असे माप कोणताही गवंडी बांधत नाही; सत्तावीसशे बांधतो. यातून बारा आधीच गेलेत हे दुकानातल्या कुणालाही कळले असते. मौनीलाही कळले. हे अनुभवीला पुढे समजले. मौनीने विचारायचे नव्हते, त्याने विचारले नाही. हिरकणी उचलली, रीतीप्रमाणे आणखी बारा वजा केले आणि काच कापली. इतकी तंतोतंत आज्ञा त्याने मामाचीही कधी पाळली नव्हती. गप्प बसणाऱ्याला लोक सज्जन समजतात. पुष्कळदा त्याला फक्त तमाशा पुढच्या रांगेतून बघायचा असतो.

साध्या काचेचे असते तर दुसऱ्या दिवशी नवी कापून भागले असते. ही टफन, म्हणजे भट्टीतून कडक करून आणलेली काच होती, आणि ती यायला दोन आठवडे लागत. ती आधी मापाप्रमाणे कापतात, भोके पाडतात आणि मग भट्टीत तापवून एकदम गार करतात. त्यानंतर तिच्यावर घणाचा घाव बसला तरी ती बहुधा टिकते, पण तिला पुन्हा कापता येत नाही, घासता येत नाही. प्रयत्न केला तर सगळ्या काचेचा मिठाच्या खड्यांसारखा चुरा होतो. आणि लहान झालेली काच मोठी करायची युक्ती तर अजून कुणी काढलेली नाही.

दवाखाना उघडायला नऊ दिवस उरले असताना काचा आल्या. अनुभवीने दोन हमाल बरोबर घेतले आणि काच बसवायला सुरुवात केली. भिंतीला, जमिनीला आणि छताला खोबणीची धातूची पट्टी बसवलेली असते, तिला चॅनेल म्हणतात. काचेच्या कडा त्या खोबणीत शिरून घट्ट बसतात. पहिली काच खालच्या खोबणीत उभी राहिली. बाजूंना ती नखाएवढी आत जात होती. वरच्या खोबणीपर्यंत ती पोचतच नव्हती. हमालाने हात सैल केला तशी काच पुढे झुकली आणि त्याने ती पुन्हा धरली. दुसरी काच तशीच. तिसरीच्या वेळी अनुभवीला हिशेब कळला. बारा आणि बारा. हा हिशेब त्याने कुणालाही सांगितला नाही.

बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी काचेच्या वरच्या फटीत अंगठा घातला. तो सहज गेला.

"हे असंच राहणार?" त्यांनी विचारले.

"मॅडम, भिंत ओळंब्यात नाहीये. गवंड्यानं वाकडी बांधलीय."

"सहाही ठिकाणी सारखीच वाकडी?"

यावर त्याने भट्टीचा आधार घेतला. भट्टीत काच थोडीफार आक्रसते, असे तो म्हणाला. तुमच्याकडे नेहमीच आक्रसते का, असे बाईंनी विचारले. मग त्याने हवा खेळती राहण्याचे फायदे सांगायला घेतले, तेव्हा बाईंनी फोन काढला आणि मामाला लावला.

मामा तासाभरात आला. बरोबर मौनी होता. त्याला बोलावले नव्हते, तरी तो आला होता. मामाने गाळा मोजला, काच मोजली, आणि भाच्याकडे न बघता म्हणाला, "काय रे, अंगण वाकडं निघालं वाटतं?"

मग त्याने मौनीला विचारले, तुझ्या लक्षात आलं नाही का.

"आलं की," मौनी म्हणाला.

"मग?"

"विचारायचं नाही म्हणाले होते भाचेसाहेब."

मामाला राग आला यात शंका नाही. पण त्या रागाच्या तळाशी एक सुटकाही होती आणि ती लपवायला तो कमी पडला. पाव हिस्सा वाचला होता. वीस वर्षांत अशी तीन माणसे झाली, प्रत्येकाने ऐन वेळी काही ना काही चूक केली आणि मामाच्या दातृत्वाला संधी मिळता मिळता राहिली. आता भाचाही त्याच रांगेत जाऊन उभा राहिला. काम अजून तुझेच आहे, असे मामाने त्याला जिन्यात सांगितले. बाईंनी काम रद्द करून पैसे परत मागितले तर ते तुझ्या पगारातून जातील, आणि मग दुकानातही यायची गरज नाही. हिश्शाचा विषय त्याने काढला नाही. खाली उतरताना त्याचे गुडघे त्या दिवशी दुखत नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अनुभवीने सकाळी उठल्यावर निर्णय घेतला आणि तो सांगायला जिन्याखाली गेला. ताई एका दुकानाचे जाड पडदे शिवत होती. दुकान सोडतोय, असे त्याने जाहीर केले. त्याने सगळे सांगितले, मौनीचा कपटीपणा, मामाचा कंजूसपणा, बाईंचा तापट स्वभाव. यातले पहिले दोन खरेही होते. शेवटी तो म्हणाला, "जिथं कदर नाही तिथं थांबू नये, ताई."

ताईने मशीन थांबवले.

"तुझे सगळे धडे मला तोंडपाठ झालेत," ती म्हणाली. "एकातही तू नाहीस. मित्र आहे, साहेब आहे, ती पोरगी आहे, आता हा काचवाला आला. तू कुठं होतास रे तेव्हा? गावाला गेला होतास?"

तो पडद्याच्या कडेचा एक सुटा दोरा ओढू लागला.

"बारा कुणी काढले?"

"मी काढले. पण त्यानं..."

"नोकरी सोडायची तर सोड. मग खोलीही सोड. मशीन आत घ्यायचंय मला, पाठ मोडली माझी इथं."

अनुभवी उभा राहिला. ताई असे बोलली की थोड्या वेळाने विरघळते, हे त्याला लहानपणापासून माहीत होते, म्हणून तो वाट बघत थांबला. ताईने दोऱ्याचे टोक ओले केले, सुईत ओवले आणि वर न बघता म्हणाली, "पाय काढ. पडद्यावर उभा आहेस."

त्या दिवशी त्याने शहरभर चालत पुष्कळ विचार केला. विचार कसला, तीन मित्रांच्या घरांवरून गेला आणि कुणाच्याही दारावर थाप मारायची सोय उरलेली नाही हे त्याच्या ध्यानात आले. एका मित्राची खिडकी उघडी होती, आत दिवा होता. हा खालूनच पुढे गेला. मित्र पैसे मागेल ही भीती होती, आणि मागणार नाही ही त्याहून मोठी.

सोमवारी सकाळी तो दवाखान्यात गेला. रस्त्याने त्याने भाषण तयार केले होते. त्यात परिस्थिती होती, जबाबदारी होती, चुकांतूनच माणूस घडतो असे एक वाक्यही होते. बाई वीजवाल्याबरोबर बटणे मोजत होत्या. त्यांनी मान वळवून पाहिले तेव्हा ते भाषण त्याच्या तोंडातून निघेचना. जे निघाले ते एवढेच:

"मॅडम, माप मी आधीच कमी करून लिहिलं. ते दुकानात पुन्हा कमी झालं. चूक माझी आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग आता काय करताय?"

एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य त्याने उच्चारले होते. यावर एक तर आकाश कोसळेल किंवा समोरच्याचे डोळे भरून येतील, अशी त्याची कल्पना होती. बाजारात त्या वाक्याचा भाव एका 'बरं'एवढा निघाला. वीजवाल्याने तर बटणे मोजणेही थांबवले नाही. आणि पुढे काय करायचे याचा त्याने विचारच केला नव्हता, त्याची तयारी चुकीपर्यंतच होती. तो खोबणीकडे बघत राहिला. बघता बघता त्याला आठवले की गच्चीच्या कठड्याला काच लावतात तेव्हा याच्या दुप्पट खोलीचे चॅनेल वापरतात. ते बसवले तर काचेच्या कडा आत जातील, फट झाकली जाईल. पट्टी जाड दिसेल, असे त्याने स्वतःहून सांगितले. हेही त्याच्या स्वभावात नवीनच होते.

"दिसू दे," बाई म्हणाल्या. "दात काढायला आलेला माणूस पट्टी बघत नाही." मात्र वरचा खर्च त्या देणार नव्हत्या, आणि शनिवारपर्यंत आवाज अडला नाही तर आगाऊ रक्कम परत.

खोल चॅनेलचे अठरा हजार नऊशे झाले. मामाने ते दुकानातून भरले आणि भाच्याच्या पगारातून दर महिन्याला वळते करायचे ठरवले. गुरुवारी माल घेऊन टेम्पो आला. अनुभवीने जुने चॅनेल स्वतः उखडले, भोके बुजवली, त्यावर रंगाचा हात फिरवला. मौनी मदतीला आला, कारण मामाने पाठवला. दिवसभरात तो दोनदा बोलला, एकदा पाणी मागायला आणि एकदा, काच उलटी धरलीय, हे सांगायला. शुक्रवारी दुपारी सहावी काच बसली. हलवून पाहिली तर हलेना.

शनिवारी बाईंनी आत यंत्र सुरू करून ठेवले, दार लावले आणि बाहेर रुग्णाच्या खुर्चीत येऊन बसल्या. डोळे मिटून ऐकले. काचेपलीकडून कुठेतरी माशी असावी इतपत आवाज येत होता. अनुभवी भिंतीला टेकून उभा होता; त्याच्या छातीत यंत्रापेक्षा मोठा आवाज चालला होता आणि तो बाईंना ऐकू जातो की काय असे त्याला वाटत होते.

"चालेल," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी उरलेली रक्कम त्याच दिवशी पाठवली.

ऑगस्टची एक तारीख आली. मामाने पगार हातात ठेवला, वळती रक्कम कापून. अनुभवी गल्ल्यापाशी घुटमळला. शेवटी त्याने विचारलेच, की मामा, काम तर पार पडलं.

"पडलं. पण सावरायला लागलं ना?"

"मीच सावरलं, मामा."

"तेच म्हणतोय मी. सावरायला लागलं." मामाने गल्ल्याचा खण आत ढकलला. "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी म्हणजे काय हे दुकानात सगळ्यांना माहीत होते. हिस्सा गेला. ऑगस्टात बघायची खोलीही गेली. ताईने मात्र वाट पाहिली नाही. तिने भावजींना हाताशी धरून मशीन आत आणले, खिडकीखाली ठेवले, आणि आता तो मशीन आणि कापडाचे गठ्ठे यांच्यामध्ये उरलेल्या पट्ट्यात झोपतो. उशीला दोरे चिकटलेले असतात. भावजी हल्ली कधी कधी एखादे वाक्य बोलतात.

या प्रकरणातून अनुभवीने धडा काढला नाही असे कसे होईल. गिऱ्हाईक आले की तो सांगतो, चॅनेल नेहमी खोल घ्यावे, लोक इथे पैसे वाचवतात आणि मग पस्तावतात. सांगताना डोळे किंचित बारीक करतो. मौनी मागे उभा राहून ऐकतो आणि काही बोलत नाही. पण माप घेऊन आल्यावर अनुभवी हल्ली कागद टेबलावर ठेवून निघून जात नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंतची जागा जशीच्या तशी लिहितो, मौनी आकडे वाचेपर्यंत तिथेच थांबतो, आणि हे सहा आहे की शून्य असे मौनीने विचारले तर सांगतो. याबद्दल तो कुणालाच काही सांगत नाही. बहुधा हा धडा आहे हे त्याला कळलेलेच नाही, आणि कळेल त्या दिवशी तो त्याचीही वाट लावेल.

चॅनेल आले त्या गुरुवारी भाडे देताना टेम्पोवाल्याकडे सुटे नव्हते. अनुभवी उद्या देतो म्हणाला होता. ते भाड्याचे दोनशे चाळीस अजून द्यायचे आहेत.